ओझं खाली येईस्तोवर

घासाघीस हा माझा धंदा. लोकांना वाटतं क्रेन आणि पोकलेन भाड्यानं देणं हा माझा धंदा आहे. पण मशीन काय, कर्ज काढलं की कुणाच्याही दारात उभी राहते. ती लावताना समोरच्याला किती बोलू द्यायचं आणि कधी उठून चालायला लागायचं, हे कळणं म्हणजे धंदा. माझे वडील मुरगूडच्या बाजारात बैलांची दलाली करायचे. रुमालाखाली बोटं दाबून भाव कसा ठरतो ते मी बाराखडीच्या आधी शिकलो. पुढं ट्रकवर क्लीनर झालो, ड्रायव्हर झालो, एक मोडकी मशीन घेतली, ती विकून बरी घेतली, आणि आज शाहूपुरीत माझ्या नावाची पाटी आहे. एवढ्या वर्षांत माझ्याकडून हवं ते सगळं कबूल करून घेतलेला माणूस एकच. सर्जेराव, माझ्याच मशीनवरचा ऑपरेटर.

आणि त्याच माणसानं माझी मशीन भर कामात सोडली. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं काम हातात असताना, सगळ्यांसमोर, मला आधी एक शब्द न सांगता. त्याचा मला राग आहे. आता त्याच्याबद्दल लिहायला बसलोय म्हणून तो राग निवला असं कुणी समजू नये. थकलोय, एवढंच.

सर्जेराव पहिल्यांदा ऑफिसात आला तेव्हा मला वाटलं, कुठल्यातरी लग्नाची पत्रिका द्यायला आलाय. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, पांढरी टोपी, मिशीला पीळ, कानात अत्तराचा बोळा. डिझेलमध्ये हात घालणारा माणूस असा असतो? मी पगारावर घासाघीस करायला बसलो होतो. त्यानं ते दारच लावून टाकलं.

"पगार बाकीच्यास्नी देतासा तेवढाच द्या. माझं दुसरंच हाय."

"बोला."

"हात एकाचाच. वर-खाली, डावं-उजवं, माझ्या मशीनला एकच माणूस सांगणार. तुमी मालक असलासा तरी तुमी न्हाय."

"बरं."

"थांब मातुर कुणीबी म्हणायचं. शेंबडं पोर म्हणू दे, न्हायतर भिकारी म्हणू दे. हात वर झाला की मी थांबणार."

"आणखी?"

"आन मी थांबलो, की ओझं खाली येईस्तोवर 'का' म्हणायचं न्हाय. खाली आलं की मग काय शिव्या घालायच्या त्या घाला. मी बी घालीन."

मी म्हटलं, पहिल्यात जरा कमी-जास्त करू. मशीन माझी, साइटवर माझा हात चालायला पाहिजे. त्यानं टोपी सारखी केली आणि उठला. "मग राहू द्या. चहा चांगला हुता."

जिन्यापर्यंत गेला. जिन्यावरून माणसं परत बोलावणारा मी नव्हे; माणसं माघारी येईपर्यंत पेपर वाचत बसणारा मी. त्या दिवशी मी हाक मारली. का मारली ते अजून मला कळलेलं नाही. त्या वेळी चांगला ऑपरेटर मिळत नव्हता हे खरं, पण एवढ्यानं मी हाक मारत नाही.

त्याला क्रेनही यायची आणि पोकलेनही. कुठलीही असो, चढण्याआधी तिच्याभोवती एक चक्कर मारायचा. हुकाची खिटी उघडझाप करून बघायची, पट्ट्यावर हात फिरवायचा, मान वर करून विजेच्या तारा बघायच्या. शिडीच्या पहिल्या पायरीला त्यानं काथ्याचा ब्रश तारेनं बांधलेला होता. त्यावर बुटाचा तळ घासल्याशिवाय वर जायचा नाही; चिखलाचा पाय लिव्हरवरून घसरला तर काय, म्हणे. मोबाईल खाली, इशारा देणाऱ्याच्या खिशात. केबिनमध्ये गाणं नाही, तंबाखू नाही, दुसरा माणूस नाही. सीटवर स्वतःचा टॉवेल. एकदा मी सहज वर जाऊन त्या सीटवर बसलो, तर त्यानं माझ्यादेखत टॉवेल झटकला.

काम सुरू करण्याआधी फक्की मारायचा. कबड्डीच्या मैदानावर मारतात तशी चुन्याची रेषा, मशीनचा हात आणि मागचा भाग जिथपर्यंत फिरेल तिथपर्यंत गोल. रेषेच्या आत कुणी नाही. फक्कीचं पोतं तो स्वतःच्या हातानं गाडीत टाकायचा, दुसऱ्या कुणावर त्याचा विश्वास नव्हता. आणि टांगलेल्या ओझ्याखाली कुणी सापडला, की तो मशीन थांबवून, ओझं टेकवून वरून विचारायचा, "घरात कोण कोण हाय?"

"काय?"

"घरात कोण कोण हाय, नावं सांग. मोठ्यांदा."

आई, बायको, पोरं, सगळ्यांची नावं सांगून होईपर्यंत मशीन हलायची नाही. मोठमोठी माणसं लाजेनं लाल होऊन बायकोचं नाव घेताना मी पाहिली आहेत. एक हमाल चिडून म्हणाला, "कुणी न्हाय मला." सर्जेराव म्हणाला, "मग हितं मेलास तर मलाच न्याला लागंल. माझी कंबर दुखती. सरक."

लोकांना वाटायचं, याच्या हातून पूर्वी काहीतरी घडलं असणार. मीही एकदा विचारलं. तो मिशीला हात लावून म्हणाला, "कायबी झालेलं न्हाय. मी हुईच दिलेलं न्हाय." असा होता. फुशारक्या. तरुणपणी मलकापूरकडच्या कुठल्यातरी जत्रेत त्यानं एक कुस्ती मारली होती, ती दर वर्षी मोठी होत गेली. प्रतिस्पर्धी आधी गावचा होता, मग तालुक्याचा, मी शेवटचं ऐकलं तेव्हा पंजाबचा झाला होता. केस काळे करायचा आणि वय विचारलं की चिडायचा. रुसला तर जेवणाचा डबा घेऊन लांब झाडाखाली पाठ करून बसायचा, आणि त्याला समजावायला मेहबूबलाच जावं लागायचं.

मेहबूब म्हणजे त्याचा हात. इशारा देणारा. सडपातळ, कमी बोलणारा माणूस, आमच्याकडंच हमाल म्हणून लागला होता. सर्जेरावानं त्याला उभं कसं राहायचं इथपासून शिकवलं. पुढं पुढं दोघांचं असं जमलं की मेहबूबचं बोट हललं की क्रेन हलायची.

एका वर्षी तालीम मंडळाच्या गणपतीला क्रेन लावली. ट्रॉलीवरून मूर्ती उचलून स्टेजवर ठेवायची, सकाळचं काम. मूर्ती उंच, गर्दी बेसुमार, आणि मेहबूब नेमका तापानं घरी. मंडळात जुनी पोरं आणि नवी पोरं असे दोन गट. जुन्यांचा अध्यक्ष शिट्टी वाजवून म्हणतोय वर घ्या, नव्यांचा कार्यकर्ता हात हलवून म्हणतोय डावीकडं. सर्जेरावानं इंजिन बंद केलं. दार उघडून म्हणाला, "एक हात ठरवा. मग मला उठवा." आणि डोळे मिटून बसला.

कोल्हापुरात मानावरून काय होतं ते मी सांगायला नको. इशारा देणं हा जणू पहिल्या आरतीचा मान झाला. ढोलवाले दमून फुटपाथवर बसले. अध्यक्ष माझ्या अंगावर आला, "तुमचा ड्रायव्हर झोपलाय, पैलवान!" मी खिडकीखाली जाऊन दात-ओठ खात म्हटलं, "सर्जेराव, कुणाचंबी ऐका की. रस्ता अडलाय."

"ओझं उचललंय का मी?"

"न्हाय."

"मग शिव्या घाला. त्याला माझी ना न्हाय. पण हात एकच."

शेवटी भांडण मिटवलं कुंभारणीनं. मूर्ती जिच्या घरात घडली ती म्हातारी ट्रॉलीवरच बसून होती, मूर्तीच्या हाताला गुंडाळलेलं फडकं धरून. ती ओरडली, "पूजा झाल्यावर तुमचा द्येव! तवर माझी मूर्ती हाय. मी सांगनार!" दोन्ही गट मागं सरले. सर्जेराव खाली उतरला, तिला चार खुणा शिकवल्या, स्टेजसमोर उभं केलं. हिरव्या बांगड्यांचा हात वर झाला आणि गणपती उठला. इतकं हळू काम मी त्याच्याकडूनही पाहिलं नव्हतं. पुढच्या वर्षीपासून त्या मंडळात तो मान तिचाच झाला. मला मात्र आधी शिव्या खाव्या लागल्या होत्या. त्या कुणी परत घेतल्या नाहीत.

मुरगूडजवळ एका विहिरीचं काम होतं. त्या भावकीत आणखी विहिरी निघणार होत्या, त्यामुळं मी मुद्दाम स्वतः गेलो होतो. दुपारी पाणी लागलं. तळात कातळाच्या सांध्यातून ओल आली, मग धार. काठावर एकच गलका. शेतकऱ्याची आई नवं लुगडं नेसून, हळदीकुंकवाचं ताट घेऊन आली. पहिल्या पाण्याची ओटी तिला स्वतःच्या हातानं भरायची होती. शिडीवरून तिला उतरवणं शक्य नव्हतं. मुलगा म्हणाला, "बादलीत बसवा की आयला. अलगद सोडा खाली." पोकलेनची बादली म्हणजे काही पाण्याची बादली नव्हे, लोखंडाचा दातांचा जबडा, पण गावोगाव लोक त्यात बसतात, फोटो काढतात. मुलगा रेषा ओलांडून बादलीकडं निघालाही.

सर्जेरावानं बादली भुईला टेकवली आणि इंजिन बंद केलं. "बादली मातीची हाय. माणसाची न्हाय."

"ही काय माती हाय व्हय?" मुलगा तापला. "आय हाय ती माझी!"

"म्हणून तर."

भावकीतली सगळी माणसं माझ्याकडं बघायला लागली. मी म्हटलं, "सर्जेराव, एकदा सोडा. हळू. मी सांगतोय."

"तुमचा हात न्हाय, मालक."

माझ्या कानशिलात रक्त चढलं. सगळ्या गावासमोर! मी त्याला अरे-तुरे केलं, नको ते बोललो. तो ऐकून घेत होता. मग म्हातारीला म्हणाला, "आये, तुमी पाण्याकडं कशाला जाताय? पानी तुमच्याकडं येतंय की. वाईच मागं सरा." पुन्हा चढला, मेहबूबकडं बघितलं, आणि बादली तळाला सोडली. वर आली तेव्हा लाल गढूळ पाण्यानं काठोकाठ भरलेली होती. थेंब सांडत नव्हता. रेषेच्या कडेला अशी टेकवली की दातसुद्धा वाजले नाहीत. मग इंजिन बंद, चावी खिशात, आणि म्हणाला, "या आता."

म्हातारीनं बादलीच्या दातांना हळदकुंकू लावलं, पाण्याला हात जोडले, नारळ तिथंच फोडला. रडत होती. त्यानंतर त्या बाजूला ज्याची त्याची एकच मागणी: आमचंबी पाणी वर आणा. मी पण भाव करताना म्हणायला लागलो, बाकीच्यांकडं माणूस खाली जातो, आमच्याकडं पाणी वर येतं. सर्जेरावानं ते ऐकलं आणि म्हणाला, "भारी हाय मालक. त्या दिवशी मला काय म्हणालतासा ते बी सांगा की गिऱ्हाइकाला."

पण त्याच्या नियमांनी दर वेळी नारळच फुटले असं नाही. एका फाउंड्रीत शेडमध्ये जड मशीन उतरवायची होती. मशीन हवेत, आत जायला थोडकं अंतर, आणि सर्जेराव थांबला. मेहबूबनं थांब म्हटलेलं नव्हतं. फाउंड्रीचा मालक म्हणाला, काय झालं? मी दात आवळून नुसतं ओझ्याकडं बोट दाखवलं. ओझं हळूहळू खाली आलं, लाकडावर टेकलं. मग मी विचारलं.

"तिनं हात वर केला." त्यानं फाटकाकडं बोट दाखवलं. तिथं चहावाली बाई किटली घेऊन उभी होती, घाबरून पांढरी पडलेली. तिचा कप घेऊन कुणीतरी कामगार चालला होता, त्याला थांबवायला तिनं हात केला होता.

"अरे ती चहावाली हाय!"

"चहावालीला डोळं नसत्यात व्हय?"

पुन्हा उचलायचं तर वाऱ्यानं पत्रे वाजायला लागले, आणि वारा असला की तो उचलत नसे. काम दुसऱ्या दिवसावर गेलं. त्या फाउंड्रीनं आम्हाला परत बोलावलं नाही. सर्जेरावाला त्याचं काही नव्हतं. उलट जाताना त्या बाईला म्हणाला, "परत हात वर करायला भिऊ नकोस." मी गाडीत त्याच्याशी बोललो नाही. मला सांगा, काय चुकलं माझं? धंदा कुणी करायचा?

मेहबूब हळूहळू जवळ उभा राहायला लागला, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. पूर्वी तो ओझ्याच्या पलीकडं, जिथून सगळं दिसेल तिथं उभा राहायचा. मग अलीकडं आला. मग पिवळंधमक जाकीट घालायला लागला, मग हातात लाल मोजे. मी म्हटलं, "काय रे, नवरदेव व्हायचंय काय?" तो हसला. सर्जेराव संध्याकाळची कामं टाळायचा, ऊन डोळ्यावर येतं म्हणायचा. केस अजून काळेच. वय विचारलं की अजून तेवढाच चिडायचा. मला वाटलं, म्हातारा लाडावलाय.

मग साखर कारखान्याचं काम आलं. मळीची नवी टाकी बांधून तयार होती, तिच्यावर पत्र्याचा घुमट बसवायचा होता. हंगाम सुरू व्हायच्या आत. हे नीट झालं तर कारखान्याची वर्षभराची उचल-ठेव आपल्याकडं, असं ठरल्यात जमा होतं. ते काम मिळावं म्हणून मी कुणाकुणाच्या दारात बसलो ते माझं मला माहीत. माझ्या पोरांनी धंदा पुढं चालवावा एवढा तो मोठा करायचा, तर हीच वेळ होती. माझ्याशी कायम स्पर्धा करणारा एक क्रेनवाला त्या दिवशी आवारातच होता. त्याची क्रेन दुसऱ्या कामाला आलेली. छातीवर हात बांधून बघत उभा होता.

घुमट टाकीवर टेकवायचा, म्हणजे मेहबूबला टाकीच्या काठावर, वरच्या जाळीवर उभं राहणं भाग होतं. या वेळी जवळ यायला जागा नव्हती. त्याच्यामागं फक्त आकाश. ढगाळ, पांढरं, डोळ्यात घुसणारं.

सर्जेरावानं चक्कर मारली, ब्रशवर बूट घासले, चढला. घुमट वीतभर उचलला आणि थांबला, तो नेहमी थांबायचा तसा, पट्टे बघितले. मग वर घेतला, टाकीच्या निम्म्यापर्यंत. वर मेहबूबचा हात हलला. मला खालून स्पष्ट दिसला. क्रेन हलली नाही. मेहबूबनं पुन्हा हात केला. क्रेन तशीच. मग घुमट खाली यायला लागला. अगदी हळू. कारखान्याचे साहेब, कामगार, तो क्रेनवाला, सगळे बघतायत, आणि माझा घुमट खाली येतोय. मी 'का' म्हणालो नाही. शब्द दिला होता. लाकडांवर टेकला, पट्टे सैल झाले, इंजिन बंद झालं.

सर्जेराव उतरला, टॉवेल खांद्यावर घेऊन. माझ्यासमोर आला आणि चावी माझ्या हातात दिली.

"मालक, मला हात दिसंना."

"म्हणजे?"

"मेहबूबचा हात दिसंना. तो हाय तिथं, मला ठावं हाय. पण दिसंना."

"अरे मग मी खाली उभा राहतो की! तो मला सांगंल, मी तुला सांगतो. ओरडून सांगतो!"

"तुमचा हात न्हाय."

"आजच्या दिवस! अंदाजानं घे. तुला अंदाज न्हाय व्हय? जन्म गेला तुझा!"

"अंदाज हाय की," तो म्हणाला. "त्याचंच भ्या वाटतंय."

आणि निघाला. जाताना टोपी काढून हातात घेतली होती. त्या उजेडात मी पहिल्यांदा बघितलं, केसांच्या मुळाशी सगळं पांढरं होतं. दुसरा ऑपरेटर आणायला वेळ नव्हता. साहेबांनी छातीवर हात बांधलेल्या माणसाकडं बघितलं, आणि त्याची क्रेन आली. घुमट त्यानं बसवला. वर्षभराचं कामही त्यालाच गेलं. अजून त्याच्याकडंच आहे. त्याच्या क्रेन आज माझ्यापेक्षा जास्त आहेत. मेहबूब वरून उतरला तेव्हा मी त्याला सगळ्यांसमोर विचारलं, तुला माहीत होतं? तो म्हणाला, "त्यांनी सांगितलं न्हवतं. मीच जवळ सरकत हुतो."

सर्जेराव ऑफिसला फिरकला नाही. ब्रश शिडीला तसाच राहिला. कुणीतरी सांगितलं, मलकापूरच्या पुढं गावी गेलाय, डोळ्याचं दुखणं पडद्याचं आहे, काढून टाकता येणारा मोतीबिंदू नव्हे. मी गेलो नाही भेटायला. त्यानं यायचं, असं मला वाटत होतं. अजून वाटतं. गुडघे दुखतात आता, ऑपरेटर येतात आणि जातात, प्रत्येकाला मोबाईल कानाला लावून लिव्हर ओढायचा असतो. आणि गिऱ्हाइकाला कालच काम हवं असतं. सगळ्यांना सगळं सांगून मी थकलो. सांगायचं पण सोडून दिलं.

परवा रत्नागिरी रोडच्या रुंदीकरणावर माझी पोकलेन लागली होती, मलकापूरच्या अलीकडं. मेहबूब आता ऑपरेटर आहे, तोच होता तिच्यावर. एका बाजूनं वाहतूक चालू, धूळ, एसटी, उसाचे ट्रॅक्टर. मी जीपमध्ये बसून फोनवर कुणाशी तरी भावावरून भांडत होतो. एकदम पोकलेन थांबली. बादली भुईला, इंजिन बंद. मेहबूबनं वाहतूकसुद्धा अडवून धरायला रस्त्यावरच्या झेंडेवाल्या माणसाला खूण केली. हॉर्न सुरू झाले.

मी उतरलो तापूनच. "काय रे, काय झालं?"

मेहबूबनं बोट दाखवलं. बघ्यांच्या घोळक्याच्या पुढं, रस्त्याच्या कडेला एक म्हातारा उभा होता. काळा चष्मा, इस्त्रीचा पांढरा शर्ट, टोपी, डोकं पूर्ण पांढरं. दोन्ही हात सरळ वर, एका हातात काठी.

मी जवळ गेलो. अत्तराचा वास आला. "सर्जेराव."

मान माझ्याकडं वळली, हात खाली आले नाहीत. "मालक व्हय? मशीन थांबली का? ह्या हॉर्नात कळंना."

"थांबली."

"बादली भुईवर हाय?"

"हाय."

"मशीनच्या मागं कायतरी हललं. माणूस का सावली, मला कळंना. जाऊन बघा."

मागून एसटीचा ड्रायव्हर शिव्या देत होता. मी मशीनच्या मागं गेलो. खताचं रिकामं पोतं दगडाखाली अडकून फडफडत होतं. ते लाथेनं बाजूला केलं आणि परत आलो. हात अजून वरच.

"पोतं हाय."

"सोता बघितलंसा?"

"बघितलं की."

तेव्हा त्यानं हात खाली घेतले, आणि मिशीवरून बोट फिरवलं. "पोतं हाय व्हय. बरं झालं."

ओझं खाली आलं होतं. आता विचारायला हरकत नव्हती. इतक्या दिवसांचं साठलेलं सगळं मी बोलणार होतो. कारखान्याचं, त्या क्रेनवाल्याचं, माझ्या पोरांचं. तोंडातून एवढंच निघालं, "मला आधी का सांगितलं न्हाईस?"

"आधी सांगितलं असतं तर तुमी घासाघीस केली असतीसा," तो म्हणाला. "जवळची कामं देतो, सकाळची देतो, मेहबूबला आणखी अलीकडं आणतो. तुमचं तोंड लई गोड असतंय मालक, गरज असली की. आन मला सीट सोडायची न्हवती. मी ऐकलं असतं."

यावर भाव करायला काही जागा नव्हती. तरी मला वाटतं, त्यानं विचारायला हवं होतं. एकदा.

हॉर्न वाढले. मेहबूब केबिनमधून सर्जेरावाच्या हाताकडं बघत होता, माझ्या नव्हे. सर्जेरावानं काठी पुढं टाकून एक पाय मागं घेतला, मग थांबला.

"मालक, मी रेषेच्या भायेर हाय न्हवं?"

मी खाली बघितलं. भुईवर रेषा नव्हती. फक्कीचं पोतं गाडीत टाकायचं कधी बंद झालं ते मला आठवेना. मी त्याचा दंड धरला, त्याला घोळक्यातून मागं नेलं, चर ओलांडून, आंब्याच्या झाडापर्यंत.

"आता हाईस," मी म्हटलं.